महामारीतलं विद्यापीठ: बजेटची कात्री आणि "कॅम्पस उघडणार कधी?" (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोविडच्या काळात विद्यापीठांचे पैसे नेमके कुठे गेले आणि कॅम्पस उघडण्याच्या तारखा सारख्या का बदलत राहिल्या, हे लोक अजूनही विचारतात. इथली उत्तरं मुख्यतः अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या अनुभवावर बेतलेली आहेत, कारण तिथला बराचसा हिशेब चारचौघांत झाला. माझं मत आधीच सांगून टाकलेलं बरं: हे दोन्ही प्रश्न एकाच वहीतले आहेत. तारीख कधी जाहीर झाली हे पाहायचं असेल तर फी भरायची मुदत कधी होती तेही शेजारी लिहून ठेवावं.

विद्यापीठं बंद झाली तरी कधी?

मार्च २०२० च्या पहिल्या पंधरवड्यात, आणि डोळ्यांदेखत. सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनने ६ मार्चला, शुक्रवारी, कळवलं की सोमवारपासून वर्ग भरणार नाहीत. १० मार्चला हार्वर्डने पदवीच्या विद्यार्थ्यांना पाच दिवसांत खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने 'महामारी' हा शब्द वापरला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी, ११ मार्चला.

शिकवणं ऑनलाइन चालू होतं, फीही येत होती. मग तूट आली कुठून?

विद्यापीठ फीवर चालतं असं बाहेरून वाटतं. निवासी विद्यापीठाचा ताळेबंद उघडला की हॉस्टेलचं भाडं, मेस, पार्किंग, पुस्तकांचं दुकान, सभागृहांची भाडी, उन्हाळी शिबिरं, सामन्यांची तिकिटं अशी लांबलचक रांग दिसते. कागदावर याला 'पूरक उत्पन्न' म्हणतात. पूरक कसलं, कित्येक ठिकाणी घर यावरच चालतं.

हॉस्टेलची एकच खोली घ्या. दोन खाटा, दोन टेबलं, दोघांचं भाडं. मार्चमध्ये दोघं घरी गेले आणि उरलेल्या सत्राचं भाडं परत करावं लागलं. सप्टेंबरमध्ये उघडायचं ठरलं, तर अंतर राखायचं म्हणून एक खाट बाहेर, म्हणजे उत्पन्न निम्मं. त्यात काही मजले आजारी मुलांच्या विलगीकरणासाठी मुद्दाम रिकामे ठेवायचे. सफाई पूर्वीपेक्षा जास्त वेळा. आणि इमारत बहुधा रोखे काढून बांधलेली. त्या रोख्यांचा हप्ता खोलीत कोणी झोपलंय की नाही याची चौकशी करत नाही.

ज्यांच्याकडे रुग्णालयं होती त्यांची अवस्था आणखी विचित्र. साथ चालू असताना रुग्णालयाला तोटा कसा होतो, असं कोणीही विचारेल. पण रुग्णालयाचा पैसा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत असतो, आणि त्याच तेव्हा पुढे ढकलल्या होत्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहा कॅम्पस आणि त्यांच्या वैद्यकीय केंद्रांनी मिळून एकट्या मार्च महिन्याचा फटका ५५.८ कोटी डॉलर सांगितला. मिशिगन विद्यापीठाने एप्रिलमध्ये अंदाज दिला ४० कोटी ते १ अब्ज डॉलरचा. अंदाजाची दोन टोकं इतकी लांब आहेत, यावरूनच त्या वेळची मनःस्थिती कळते.

एवढ्या श्रीमंत विद्यापीठांकडे कायम निधी असतो. तो कशासाठी ठेवला होता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुतेक वेळा रागाने.

हार्वर्डचा निधी तेव्हा सुमारे ४१ अब्ज डॉलरचा होता. पण ती एक तिजोरी नाही. हजारो डबे आहेत आणि बऱ्याच डब्यांवर देणगीदाराची चिठ्ठी आहे: हे पैसे अमुक विषयाच्या अध्यापकपदासाठी, हे तमुक शिष्यवृत्तीसाठी. ती अट मोडणं कायद्यात बसत नाही. शिवाय दर वर्षी निधीच्या पाच टक्क्यांच्या आसपासच रक्कम काढायची असा साधारण रिवाज असतो.

इथपर्यंतचं उत्तर विद्यापीठाचं जनसंपर्क कार्यालयही देतं. पुढचं ते सांगत नाही. बिनअटीचाही काही भाग असतो, आणि रिवाज हा रिवाजच असतो. नियामक मंडळाने ठराव केला तर एखादं वर्ष जास्त काढता येतं. काही मंडळांनी काढले, पुष्कळांनी नाही. मार्चमध्ये शेअर बाजार आपटला तेव्हा हात आखडणं समजण्यासारखं होतं. पण बाजार पुढच्या काही महिन्यांत सावरला. जून २०२० अखेर हार्वर्डचा निधी आदल्या वर्षीपेक्षा वाढलेलाच होता. बाकी ज्या शेकडो छोट्या कॉलेजांकडे निधीच नव्हता, त्यांना हा वाद लागू होत नाही.

सरकारने काहीच दिलं नाही का?

दिलं, पण उशिरा. अमेरिकेत २७ मार्च २०२० ला मंजूर झालेल्या केअर्स कायद्यात उच्च शिक्षणासाठी सुमारे १४ अब्ज डॉलर होते. संस्थांच्या वाट्यातला किमान निम्मा भाग विद्यार्थ्यांना तातडीची मदत म्हणून थेट द्यायचा होता, आणि ही अट चांगली होती. हार्वर्डच्या नावाने ८० लाखांहून जास्त डॉलर निघाले, त्यावर गदारोळ झाला आणि हार्वर्डने ते नाकारले. त्या आठवड्यात चर्चा याचीच झाली. लहान कॉलेजांना किती मिळाले याची कुणी केली नाही.

मोठ्या रकमा डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ मध्ये आल्या: आधी २२ अब्जांहून जास्त, मग जवळपास ४० अब्ज. तोवर ज्यांना घरी पाठवायचं त्यांना पाठवून झालं होतं.

ऑस्ट्रेलियात नोकऱ्या टिकवण्यासाठी 'जॉबकीपर' नावाची योजना होती. तिच्या निकषांत अशा दुरुस्त्या होत गेल्या की सार्वजनिक विद्यापीठं प्रत्यक्षात बाहेरच राहिली.

कात्री आधी कुणावर चालली?

क्रम जवळपास सगळीकडे सारखा होता. आधी प्रवास आणि परिषदा. त्या तशाही होणार नव्हत्या, त्यामुळे ही बचत कुणाला दुखली नाही. मग नवी भरती बंद. मग कुलगुरू किंवा अध्यक्षांनी स्वतःच्या पगारात कपात केल्याचं पत्रक. ते वाचायला बरं वाटतं, बजेटमध्ये त्याचा थेंबही दिसत नाही. त्यानंतर मेसमधले, सफाईचे आणि कार्यालयातले लोक बिनपगारी रजेवर. काही ठिकाणी मालकाकडून जाणारा निवृत्तिनिधीचा हप्ता थांबला.

आणि या सगळ्याच्या खाली, आवाज न होता, तासिकेवर शिकवणारे. त्यांना काढावं लागतच नाही. पुढच्या सत्राचं पत्र येत नाही, एवढंच. आदेश नाही, नोटीस नाही, म्हणून 'कपात केलेल्यांच्या' यादीतही नाव नाही. ऑगस्टमध्ये एखादा माणूस सकाळ-संध्याकाळ ईमेल उघडून बघतो आणि वेळापत्रकात आपल्या विषयापुढे दुसऱ्याचं नाव दिसलं की त्याला कळतं. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकड्यांनुसार २०२० संपता संपता उच्च शिक्षणातले सुमारे साडेसहा लाख लोक कामाबाहेर गेलेले होते. ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांच्या संघटनेने २०२० मधल्या गेलेल्या नोकऱ्या १७,३०० सांगितल्या आणि त्या वर्षीची उत्पन्नातली घट १.८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर.

कायम प्राध्यापकांना तर हात लावता येत नाही ना?

येतो. ओहायोतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठाचं उदाहरण पाहा. मे २०२० मध्ये त्यांनी आपल्या ११ विद्याशाखांपैकी ६ गुंडाळून उरलेल्यांत मिसळायचा बेत जाहीर केला. जुलैमध्ये मंडळाने १७८ पदं कमी करायला मंजुरी दिली, त्यात शंभरच्या आसपास पूर्णवेळ प्राध्यापक. सेवाज्येष्ठतेचे नियम बाजूला ठेवता यावेत म्हणून करारातलं 'अटळ आपत्ती'चं कलम पुढे केलं. संघटना लवादाकडे गेली. सप्टेंबरमध्ये लवादाने विद्यापीठाचं म्हणणं मान्य केलं.

पण अ‍ॅक्रनची विद्यार्थिसंख्या कित्येक वर्षं घसरत होती आणि इमारतींसाठी, २००९ मध्ये बांधलेल्या फुटबॉल मैदानासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर होतं. दुखणं जुनं, आपत्ती नवी. अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेने मे २०२१ मध्ये अशा आठ संस्थांचा चौकशी अहवाल काढला, त्याचा सूर हाच आहे: साथीच्या नावाखाली आधीपासून मनात असलेली कामं उरकून घेतली गेली. सगळीकडे तसंच झालं असं मी म्हणणार नाही. पण कपातीच्या यादीत एखादा विषय दिसला, तर त्यावर आधीच्या पाच वर्षांत किती बैठका झाल्या होत्या ते बघण्यासारखं असतं.

एप्रिलमध्ये सांगितलेला तोटा पुढे खराच निघाला का?

काही ठिकाणी निघाला. काही ठिकाणी अजिबात नाही. जॉन्स हॉपकिन्सने सुरुवातीला ३० कोटी डॉलरहून मोठ्या तोट्याचं भाकीत करून निवृत्तिनिधीतलं आपलं योगदान वर्षभरासाठी थांबवलं. चित्र बरंच बरं निघालं आणि नंतर ते पुन्हा सुरू केलं. अंदाज चुकणं हा गुन्हा नाही, तेव्हा सगळ्यांचेच चुकत होते. तक्रार वेगळी आहे: चुकलेल्या अंदाजाची किंमत आधी पगारातून वसूल झाली.

मंदी आली की लोक पुन्हा शिकायला येतात म्हणतात. मग प्रवेश का घटले?

कारण ही मंदी नेहमीसारखी नव्हती. २००८ नंतर नोकरी गेलेले लोक कम्युनिटी कॉलेजांकडे (कमी फीच्या, दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजांकडे) वळले होते. २०२० मध्ये त्याच लोकांच्या घरात शाळा बंद असलेली मुलं होती, एकच लॅपटॉप होता आणि जी कामं मिळत होती ती सोडण्यासारखी नव्हती. वेल्डिंग किंवा नर्सिंगसारखी हाताने शिकायची कौशल्यं पडद्यावर शिकवता येईनात. २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या सत्रात अमेरिकेत पदवीचे एकूण प्रवेश ३.६ टक्क्यांनी घटले, कम्युनिटी कॉलेजांचे १०.१ टक्क्यांनी, आणि नव्याने पहिल्या वर्षाला येणाऱ्यांचे तर १३.१ टक्क्यांनी. ज्यांना शिक्षणाने सगळ्यात जास्त फरक पडला असता तेच आले नाहीत.

कॅम्पस उघडणार की नाही, हे नीट सांगायला इतका वेळ का लावला?

अमेरिकेत प्रवेश नक्की करून अनामत भरायची नेहमीची तारीख १ मे. त्या वर्षी बऱ्याच कॉलेजांनी ती १ जून केली. आता त्या वसंतातल्या घोषणा काढून बघा. "सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष भेटण्याचा आमचा इरादा आहे" अशा वाक्यांचा पाऊस एप्रिल-मे महिन्यांतच पडलेला दिसेल. पर्ड्यू विद्यापीठाने एप्रिलमध्येच इरादा जाहीर केला. सप्टेंबरमध्ये विषाणू काय करेल हे एप्रिलमध्ये कुणालाही माहीत असणं शक्य नव्हतं. माहीत होतं ते इतकंच की "ऑनलाइन" म्हटलं की अनामत परत मागायला लोक येणार, आणि हॉस्टेल रिकामं राहणार.

हा नुसता लोभ होता असं म्हणून मोकळं व्हायचं असेल तर सोपं आहे. पण लहान कॉलेजात एका वर्षाचे प्रवेश बुडाले तर पुढच्या वर्षी कॉलेजच नसतं. इलिनॉयमधलं १८४६ साली स्थापन झालेलं मॅकमरे कॉलेज मे २०२० मध्ये कायमचं बंद झालं. ते आधीपासूनच अडचणीत होतं. बाकीच्यांनी ती बातमी वाचली होती.

उलट उदाहरणही आहे. तेव्हा २३ कॅम्पस असलेल्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने १२ मे २०२० ला सांगून टाकलं की पुढचं सत्र बहुतांश ऑनलाइन. तिथले बरेच विद्यार्थी घरून येऊन-जाऊन शिकणारे आहेत आणि राज्याचा पैसाही येतो. हॉस्टेलच्या भाड्याची फारशी भीती नसली की खरं लवकर बोलता येतं. केंब्रिजनेही १९ मे ला जाहीर केलं की २०२१ च्या उन्हाळ्यापर्यंत मोठी व्याख्यानं ऑनलाइनच होतील.

उघडून आठवड्याभरात पुन्हा बंद करायची वेळ कशी आली?

चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १० ऑगस्टला वर्ग भरले. १७ ऑगस्टला पदवीचे वर्ग ऑनलाइन नेत असल्याचं जाहीर झालं. त्या एका आठवड्यात चाचण्यांतलं पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण २.८ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं होतं. तिथल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) आरोग्य विभागाने जुलैअखेरीस लेखी सुचवलं होतं की निदान पहिले पाच आठवडे ऑनलाइन ठेवा आणि हॉस्टेलात कमी मुलं घ्या. ते पत्र लोकांना कळलं मुलं राहायला आल्यावर.

नोत्र दाम विद्यापीठानेही १० ऑगस्टला सुरुवात केली, १८ तारखेला दोन आठवडे वर्ग ऑनलाइन न्यायचं जाहीर केलं आणि २ सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने पुन्हा भरवले. मिशिगन स्टेटने हे पाहून मुलं यायच्या आधीच बेत बदलला.

मग काहींना कसं जमलं?

चाचण्यांनी. आणि त्या कुणाच्या मर्जीवर न सोडल्याने.

सगळ्यात आवडलेली गोष्ट अ‍ॅरिझोना विद्यापीठाची आहे. तिथे हॉस्टेलच्या इमारतींचं सांडपाणी तपासायचे, कारण लक्षणं दिसण्याच्या आधीच विषाणू शौचावाटे बाहेर पडू लागतो. ऑगस्टअखेरीस एका हॉस्टेलच्या नमुन्यात तो सापडला. लगेच त्या इमारतीतल्या ३११ जणांची चाचणी केली, दोघं पॉझिटिव्ह निघाले. दोघांनाही काही होत नव्हतं. त्यांना बाजूला केलं. गटाराच्या झाकणाखाली उतरवलेल्या एका बाटलीने अख्खं हॉस्टेल वाचवलं.

इलिनॉय विद्यापीठाने स्वतःची लाळेची चाचणी तयार करून सगळ्यांना आठवड्यातून दोनदा लावली. तरीही सत्राच्या सुरुवातीला आकडे उसळले. त्यांच्या गणितात पार्ट्या धरलेल्या होत्या. पॉझिटिव्ह आलेली मुलंही पार्टीला जातील हे धरलेलं नव्हतं. नियम कडक केल्यावर आकडे उतरले.

कॉर्नेलचं गणित वरवर उलटं वाटतं. त्यांनी मांडलं की ऑनलाइन ठेवण्यापेक्षा कॅम्पस उघडला तर संसर्ग कमी होईल. कारण हजारो मुलांनी गावात खोल्या घेऊन ठेवल्या होत्या, ती येणारच होती, आणि कॅम्पस बंद असेल तर त्यांना चाचणीची सक्ती करता येणार नव्हती. त्यांचं ते सत्र बऱ्यापैकी सुरळीत पार पडलं.

पण मुलांनीच पार्ट्या करून घोळ घातला ना?

काहींनी घातला. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या हजारो मुलांना एका आवारात आणून ती एकमेकांना भेटणार नाहीत यावर ज्यांनी बेत उभा केला, त्यांना काय म्हणायचं? नोत्र दामच्या अध्यक्षांनाच सप्टेंबरअखेर व्हाइट हाउसच्या बागेतल्या समारंभात मास्क न लावता बसल्याबद्दल विद्यार्थ्यांची माफी मागावी लागली, आणि पाठोपाठ त्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली. मोह वयाला धरून नसतो.

ब्रिटनमध्ये मुलांना हॉस्टेलवर बोलावून घेतलं आणि मग आत ठेवलं. २५ सप्टेंबरला मँचेस्टर मेट्रोपॉलिटनच्या दोन हॉस्टेलांतल्या सुमारे १,७०० विद्यार्थ्यांना चौदा दिवस बाहेर पडू नका असं सांगितलं. ५ नोव्हेंबरला मँचेस्टर विद्यापीठाच्या फॅलोफील्ड वसतिगृहांत मुलं खिडकीतून बघतात तो बाहेर लोखंडी कुंपण उभं राहतंय. आधी नीट सांगितलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी मुलांनी ते आडवं केलं. विद्यापीठाने माफी मागितली, आणि भाडेबंदीच्या आंदोलनानंतर पहिल्या सत्राच्या भाड्यात ३० टक्के सूट दिली.

परदेशी विद्यार्थ्यांचं काय झालं?

६ जुलै २०२० ला अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने जाहीर केलं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन, त्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. ८ जुलैला हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेले. १४ जुलैला सरकारने आदेश मागे घेतला. आठ दिवसांचा खेळ, पण त्या आठ दिवसांत कित्येकांची विमानाची तिकिटं शोधून झाली होती.

ऑस्ट्रेलियाने २० मार्च २०२० ला सीमा बंद केल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी सरसकट उघडल्या त्या १५ डिसेंबर २०२१ ला. तिथल्या विद्यापीठांच्या उत्पन्नाचा चौथाईहून जास्त भाग याच विद्यार्थ्यांच्या फीतून येत होता. एकाच खांबावर छप्पर तोललं होतं.

ऑनलाइन शिकवलं तर फी कमी केली का?

फार थोड्यांनी. २०२०-२१ साठी विल्यम्स कॉलेजने १५ टक्के, प्रिन्स्टनने १० टक्के कमी केली. इंग्लंडमध्ये ९,२५० पौंडांची कमाल मर्यादा होती तशीच राहिली. अमेरिकेत परताव्यासाठी शेकडो दावे दाखल झाले. हॉस्टेल आणि मेसचे पैसे मिळवणं त्या मानाने सोपं गेलं. शिकवणीच्या फीचं घोडं एकाच ठिकाणी अडत राहिलं: 'प्रत्यक्ष वर्गात शिकवू' असं विद्यापीठाने कुठे लिहून दिलं होतं का?

खेळांचं?

स्टॅनफर्डने जुलै २०२० मध्ये ११ खेळांचे संघ बंद करायचं ठरवलं. माजी खेळाडू उठले, खटले झाले, मे २०२१ मध्ये निर्णय मागे. मोठ्या विद्यापीठांच्या बिग टेन या क्रीडा संघटनेने ११ ऑगस्टला फुटबॉल हंगाम पुढे ढकलला आणि १६ सप्टेंबरला पुन्हा खेळायचं ठरवलं. वर्गात बसायला धोका आणि मैदानात नाही, हे कोडं ज्याने-त्याने सोडवावं. प्रक्षेपणाचे हक्क कितीला जातात ते पाहिलं की सुटतं.

लस आल्यावर तरी अनिश्चितता संपली का?

कमी झाली. मार्च २०२१ मध्ये रटगर्सने लस सक्तीची केली, असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं मोठं विद्यापीठ, आणि मागोमाग शेकडो संस्था आल्या. मग डिसेंबरमध्ये ओमायक्रॉन आला आणि जानेवारी २०२२ चे पहिले दोन-तीन आठवडे बऱ्याच ठिकाणी पुन्हा पडद्यावर गेले.

पुन्हा असं काही झालं तर विद्यार्थ्याने सही करण्याआधी काय बघावं?

हॉस्टेलच्या करारातलं परताव्याचं कलम. त्यात 'विद्यापीठाने बंद केल्यास' आणि 'विद्यार्थी स्वतः गेल्यास' असे दोन वेगळे नियम असतात आणि २०२० मध्ये भांडण याच दोन ओळींमधल्या फटीत झालं: "शक्य असेल त्यांनी घरी जावं" असा ईमेल आला आणि मुलगा गेला, तर तो कोणत्या ओळीत बसतो? ईमेल जपून ठेवावा. त्यावरची तारीखही.